काळी ती पाड, करडी ती ठेव

नवापूर,
माघ वद्य पंचमी

प्रिय योहान,

नमस्काराने सुरुवात केली तर तू म्हणशील, पंडित काहीतरी काम काढून आला. म्हणून नमस्कार मी शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवला आहे. तिथपर्यंत वाचलंस तर तो तुझा, मध्येच सोडलंस तर माझ्याकडेच राहील. वरची तिथी पाहून हसू नकोस. तारीख लिहिली असती तर तू लगेच बोटं मोजली असतीस, की दहा महिने झाले. ते मीही मोजले आहेत. या दहा महिन्यांत तुला अकरा फोन केले. त्यांतला एक तू उचललास आणि ‘दुकानात गिऱ्हाईक आहे’ म्हणून ठेवलास. सोनगडच्या त्या फरशीच्या दुकानात एवढी गिऱ्हाइकं येत असतील तर मालकाला माझं अभिनंदन सांग. पत्राला मात्र ‘गिऱ्हाईक आहे’ म्हणता येत नाही. ते खिशात पडून राहतं आणि गिऱ्हाईक गेलं की पुन्हा टोचतं. त्या दिवशी पुनीतशेठसमोर मी तुला काय बोललो, ते आपल्या तिघांना ठाऊक आहे. त्याकडे मी येणार आहे, पण सरळ नाही. पाठशाळेत शिकलेला माणूस मुद्द्यावर येण्याआधी पूर्वपक्ष मांडतो, आणि माझा पूर्वपक्ष किती लांबतो हे तू बारा वर्षं चहा गार होईपर्यंत ऐकलेलं आहेस.

आधी ऑफिसची खबर. स्टँडमागची आपली दहा बाय बाराची खोली अजून तिथेच आहे, छपराचा पत्राही. तुझी खुर्ची रिकामी ठेवली आहे असं लिहिलं तर नाटकी होईल. खरं म्हणजे तिच्यावर मी जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या ठेवतो आणि कुणी आलं की त्या उचलून स्वतःच्या मांडीवर घेतो. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, ‘काका, बाळ आहे का?’ प्रिंटर अजून पहिला कागद तिरका ओढतो आणि दुसऱ्यापासून शहाण्यासारखा वागतो. तू त्याच्या डाव्या कुशीत एक चापट मारायचास. मी मारतो ती त्याला लागत नाही. कामं येतात. घरकुलाचे नकाशे, दुकानांवरचे मजले, एखादा गोठा. मी एकटाच काढतो, आणि एकटं काढताना एक गोष्ट लक्षात आली, की मला सॉफ्टवेअर येत नव्हतं. मला तू येत होतास.

तू आलास तो दिवस आठव. मी तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने रेघा ओढणारा माणूस. तापीकाठी प्रकाशा गावच्या घाटावर वडिलांच्या मागे बसून मंत्र म्हणायचं सोडून, संस्कृतची पदवी खिशात घालून, पोटासाठी आयटीआयमध्ये आरेखकाचा कोर्स केलेला. तू दारातून वाकून आत आलास, कारण चौकट तुला पुरत नव्हती, आणि म्हणालास, ‘पंडित, हे आता कॉम्प्युटरवर होतं.’ ओळख नाही, पाळख नाही, थेट पंडित! पहिल्याच आठवड्यात तू एक अख्खी दुपार त्या प्रोग्रामच्या रंगांमध्ये घालवलीस. मी विचारलं, कारखान्यातून आलेले रंग काय वाईट आहेत? तेव्हा तू मला डिफॉल्ट म्हणजे काय ते सांगितलंस. तुझेच शब्द आहेत, मला पाठ आहेत: ‘पंडित, नवी भिंत काढली की ती कुठल्यातरी रंगातच जन्मणार. आपण नाही सांगितला तर तो प्रोग्राम त्याच्या मनाचा देतो. एकदा आपण आपला सांगून ठेवला, की पुढे प्रत्येक भिंत न विचारता आपल्या रंगात येते.’ मला ते फार आवडलं होतं. आमच्याकडे वाक्यात न उच्चारलेला पण धरून चाललेला शब्द असतो, त्याला अध्याहृत म्हणतात. मी तुला तेही सांगायला लागलो तेव्हा तू म्हणालास, ‘हो, पण आता दरवाजाचा रंग बघू.’

आणि मग ते तुझे रंग! न्यायशास्त्राने जगातले रंग मोजले सात, त्यांतला सातवा म्हणजे नुसती सरमिसळ. म्हणजे मी सहा रंगांवर वाढलेला माणूस. तुझ्या प्रोग्रामकडे दीड कोटीहून जास्त. एवढ्या कोठारातून तू भिंतींसाठी तीन निवडलेस: पाडायच्या भिंतीला करपलेल्या भाकरीचा तपकिरी, राखायच्या भिंतीला शाळेच्या जुन्या गणवेशाचा मळका निळा, आणि नव्या भिंतीला पाण्यात कालवलेल्या बेसनाचा पिवळा. मी त्याला वरातीतल्या बँडचा पोशाख म्हणायचो. तू हसायचास. बारा वर्षं मी तोच विनोद केला आणि बारा वर्षं तू त्याला हसलास. एका विनोदाला इतकी वर्षं कुणी हसत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. सुपडू मिस्त्रीला मात्र ते रंग मानवले. त्याला तू एकदाच समजावलंस. मालकाला आपण रंगीत नकाशा देतो, तो मालक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवतो, जमिनीच्या कागदांबरोबर, पूजेला ठेवल्यासारखा. आणि मिस्त्रीच्या खिशात जाते ती काळी झेरॉक्स. तू त्या झेरॉक्सवर बोट ठेवून त्याला सांगितलंस: काळी ती पाड, करडी ती ठेव, पांढरी ती बांध. मला वाटलं, काय बाळबोध! इतका बाळबोध नियम मी माझ्या पाठशाळेत ऐकला असता तर आज मीही शास्त्री झालो असतो.

गेल्या फाल्गुनात पुनीतशेठ आला. दुकानावर दोन मजले चढवायचे, मागची बाजू पाडायची. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘नीलकंठजी, डिझाइन सुंदर है, पर ये कलर? माझ्या दुकानात असं कापड मांडलं तर उधारीवरपण कोणी नेणार नाही.’ शेठ कापडवाला, रंगावर त्याचा अधिकार. मी म्हणालो, शेठ, आमच्या योहानने रंग लाइट गेली असताना निवडलेत. तो हसला, मी हसलो. तू नाही हसलास. मी त्याच्यासमोरच सेटिंगमध्ये गेलो, तुझे सगळे रंग पुसले आणि माझे बसवले: पाडायची भिंत कुंकवासारखी लाल, राखायची पानासारखी गर्द हिरवी, नवी हळदीसारखी. शेठ म्हणाला, ‘अब लग्नघर लग रहा है.’ तू एवढंच म्हणालास, ‘पंडित, माझे राहू दे ना.’ का, ते सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही. मी डिफॉल्ट बदलायला शिकलो होतो, त्या आनंदात होतो.

पुढचा महिना तुला आठवत असेल. मला तो आता वेगळा आठवतो. तू हळू काम करायला लागलास. प्रत्येक भिंतीवर माउस नेऊन थांबायचास, कोपऱ्यात तिचं नाव उमटेपर्यंत. मला वाटलं, रुसला आहे. ‘पंडित, ही मागची ठेवायची ना?’ असं दोनदा, तीनदा विचारायचास. मला वाटलं, टोमणा मारतो आहे. आणि मग पुनीतशेठच्या अंतिम नकाशात मागची आधाराची भिंत पाडायच्या रंगात आली. शेठने ती पाहिली. मी जे बोललो ते बोललो. तू पेनला टोपण लावलंस, फाईल सेव्ह केलीस आणि वाकून दाराबाहेर पडलास. जगात रागाने निघून गेलेली माणसं पुष्कळ असतील, पण निघण्याआधी फाईल सेव्ह करणारा मला तू एकच माहीत आहेस.

आता रमीबाई. चिंचपाड्याच्या पलीकडची, नारसिंगची बायको. दोन वर्षांपूर्वी तिच्या पडवीचा नकाशा तू काढला होतास. या वेळी तिला मधली भिंत काढून घर मोठं करायचं होतं, सून बाळंत होणार म्हणून. नकाशा मी काढला. मधली भिंत पाडायची, लाल. तिच्याऐवजी पुढे सरकवून नवी बांधायची, हळदी. उत्तरेकडची कुडाची भिंत राखायची, हिरवी. ती तिने मला हात धरून दाखवली होती. तिच्यावर ऊन कधी येत नाही. तिथे खुंट्यांवर भोपळ्याचे तुंबे टांगलेले, त्यांत भाताचं, तुरीचं, नागलीचं बी. म्हणाली, ‘विटेच्या भिंतीला बी टांगलं तर निम्मं उगवत नाही. ही भिंत माझी थंड आहे. हिला हात लावायचा नाही.’ मी म्हणालो, रमीबाई, हिला मी हिरवी केली आहे, हिरव्याला कोण हात लावतो? रंगीत प्रत तिने पेटीत ठेवली. सुपडूला काळी झेरॉक्स दिली. ज्या दिवशी काम सुरू झालं त्या दिवशी सुनेला कळा आल्या आणि घरातली सगळी माणसं चिंचपाड्याच्या दवाखान्यात. कुडाची भिंत पाडायला वेळ लागत नाही. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा सुपडू सावलीत बिडी ओढत होता, आणि उत्तरेकडे, जिथे भिंत होती तिथे, सरळ शेजाऱ्याची म्हैस दिसत होती. तुंबे त्याने, बिचाऱ्याने, एकेक उतरवून खाटेखाली लावून ठेवले होते.

मी ओरडलो. तू मला ओरडताना ऐकलं आहेस. सुपडूने बिडी विझवली, खिशातून घडी काढली आणि माझ्यासमोर धरली. ‘भाऊ, मन्हावर काय चिडस? योहानभाऊनी सांगेल शे ना, काळी ती पाडनी. तुन्हा कागदमा दोन्ही काळ्या. मी दोन्ही पाडी टाक्यात.’ मी कागद पाहिला. योहान, दोन्ही काळ्याच होत्या. कुंकवाची आणि पानाची, शेजारी शेजारी, एकाच करपट छटेच्या. मधल्या महिन्यांत हे उघडं पडलं नाही, कारण बाकीची कामं नव्या बांधकामाची होती आणि पुनीतशेठच्या पाडकामावर मी स्वतः रंगीत प्रत घेऊन उभा होतो. कोणी म्हणेल, विचारायचं तरी. पण जो नियम बारा वर्षं एकदाही चुकला नाही, त्याच्याबद्दल कोण विचारतं?

रमीबाई दुसऱ्या दिवशी आली. नात झाली होती, म्हणून चेहऱ्यावर हसू होतं. ते दारातच राहिलं. तिने त्या मोकळ्या बाजूकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘एवढी मोठी खिडकी मी सांगितली नव्हती,’ म्हणाली. ती सगळ्यांनाच एकेरी बोलते, तुला माहीत आहे, तहसीलदारालासुद्धा. मी रंग, झेरॉक्स, सुपडू असं काही सांगायला लागलो. तिने हात वर केला. ‘योहानचा कागद काळा केला तरी समजत होता. तुझा कागद रंगीत असला तरच शहाणा.’ आणि मग, मी काही कबूल करायच्या आत, ‘पंडित, चप्पल काढ. पाय धू. उतर.’ तुझं ते नाव तिच्यापर्यंत पोचलं आहे. मी तिच्या अंगणातल्या चिखलात उतरलो. माती, शेण, भाताचा कोंडा. दोन दिवस मी ते पायांनी मळलं आणि गावातल्या बायकांनी नव्या कामट्यांवर लिंपलं. पंचगव्याचं माहात्म्य मी लहानपणी तोंडपाठ केलं होतं, पण गुडघ्यापर्यंत कधी अनुभवलं नव्हतं. एक बाई दुसरीला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. मी अर्थ विचारला नाही. काही विनोद ज्याच्यावर असतात त्याने समजून घेऊ नयेत, हे मला हळूहळू कळायला लागलं होतं. भिंत उभी राहिली आहे. वाळते आहे. थंड आहे का, ते येत्या पेरणीला बी सांगेल.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता ऑफिसात आलो. तिच्या पडवीचा तुझा जुना नकाशा उघडला. डिफॉल्ट बदलला तरी जुन्या भिंतींचा रंग बदलत नाही, नव्याने जन्मणाऱ्यांचाच बदलतो, हे तूच शिकवलंस. त्यामुळे तुझा तपकिरी, निळा, बेसनी सगळं शाबूत होतं. ते छापलं, समोरच्या दुकानातून झेरॉक्स करून आणलं, आणि माझ्या नकाशाच्या झेरॉक्सशेजारी ठेवलं. तुझ्या कागदावर एक काळी, एक करडी, एक जवळजवळ पांढरी. माझ्यावर दोन काळ्या आणि एक फिकी. मी दोन्हीकडे बघत बसलो. हा माणूस रंग निवडत नव्हता. हा उजेड निवडत होता. किती गडद, किती फिका, एवढंच. आणि मग माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रश्न आला, की ज्याला सगळे रंग दिसतात तो असं का करेल?

एकदा प्रश्न पडला की मागच्या गोष्टी रांगेने उभ्या राहतात. नंदुरबारची ती मिरचीची पथारी आठवते? आपण जिल्हा परिषदेत नकाशे द्यायला गेलो होतो, याच दिवसांत. एकरच्या एकर जमिनीवर लाल मिरची वाळत घातलेली, क्षितिजापर्यंत. मी गाडी थांबवली आणि रक्तवर्णावर अर्धा तास प्रवचन दिलं, जपाकुसुमापासून उगवत्या सूर्यापर्यंत सगळी विशेषणं तुझ्या अंगावर टाकली. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालास, ‘हो पंडित. वास चांगला आहे.’ मी ते वर्षभर लोकांना सांगत हिंडलो, की आमच्या योहानला सौंदर्यदृष्टी नाही, नाक मात्र आहे. डब्यातली मिरची तू बोटाने दाबून मग घ्यायचास. सुरतेच्या चौकात गाडी चालवताना मी दिव्याकडे बघायचो आणि तू शेजारच्या रिक्षांकडे. आणि रेल्वे! तू सांगायचास, लोको पायलटच्या परीक्षेत पास झालो होतो, मेडिकलला उंची कमी पडली. योहान, तुला माझ्या चौकटीतून वाकून यावं लागतं. आणि मी, तर्कशास्त्र शिकलेला माणूस, बारा वर्षं त्या उंचीवर विश्वास ठेवून होतो.

चौथ्या दिवशी रमीबाईच्या नातीला बघायला दवाखान्यात गेलो. फाटकाशीच तुझी बहीण एस्तेर भेटली. मी आडवळणाने काहीतरी विचारलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पायांना अजून रमीबाईची माती होती. म्हणाली, ‘दादा, त्याला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. लहानपणापासून. मेडिकलला ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा वाचता आला नाही. बाबांना काय सांगणार, म्हणून उंची सांगितली. बाबा मरेपर्यंत लोकांना सांगायचे, माझं पोरगं इंचाने राहिलं.’ मग ती जे म्हणाली, त्यासाठी मी तीन रात्री पत्राचा मजकूर मनात जुळवतो आहे. म्हणाली, ‘तुम्ही बारा वर्षं एका टेबलावर बसलात. मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे. माहीत असून चेष्टा करता. त्यालाही तसंच वाटतं.’

आता ते वाक्य. पुनीतशेठसमोर, बोट पडद्यावर ठेवून, मी म्हणालो होतो, ‘योहान, डोळे फुटलेत का तुझे?’ लोक हे दिवसातून दहा वेळा म्हणतात. सायकलवाल्याला म्हणतात, पाणी सांडणाऱ्याला म्हणतात. मीही तसंच म्हणालो. पण तू ऐकलंस ते तसं ऐकलं नसणार. तुला वाटलं असणार, की बारा वर्षं ज्याच्यासमोर मी हे झाकलं, त्याने ते कधीच ओळखलं होतं, आणि आज नेमकं शेठसमोर उघडं केलं. मी ते ओळखलेलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं, आणि माझ्या देवावर तुझा विश्वास नसेल तर तुझ्या देवाशपथ. माहीत असून बोललो असतो तर मी दुष्ट ठरतो, माहीत नसताना बोललो म्हणजे आंधळा. या दोहोंपैकी काय पत्करायचं यावर मी पुष्कळ विचार केला. मी आंधळेपण पत्करतो. शेजारच्या माणसाने दीड कोटी रंगांतून तीन उचलून माझा सगळा धंदा उन्हात, चिखलात, काळ्या झेरॉक्समध्येही टिकेल असा करून ठेवला, आणि मला त्यात बँडचा पोशाख दिसला. डोळे फुटले असतील तर ते कोणाचे, हा निकाल तूच लाव. मला क्षमा मागता येत नाही हे तुला माहीत आहे. संस्कृतात मी ती दहा प्रकारे मागू शकतो, मराठीत एकच प्रकार आहे आणि तो मला कधी जमला नाही. तरी मागतो. चुकलं माझं, योहान. तू तिकडे गिऱ्हाइकांना म्हणतोस म्हणे, ‘रंग तुमचा तुम्ही बघा, मला त्यातलं कळत नाही.’ एस्तेरने सांगितलं. हे वाक्य बोलणारा माणूस फरशी विकतो आणि ज्याला खरोखरच कळत नव्हतं तो नवापुरात नकाशे काढतो, हे मला झोपू देत नाही.

तुझ्या जुन्या नकाशातून तिन्ही रंगांचे आकडे मी वहीत उतरवून घेतले आणि पुन्हा डिफॉल्टमध्ये बसवले. नवी भिंत काढली. करपलेल्या भाकरीच्या रंगात जन्मली. मला बरं वाटलं. पण हे कळवायला पत्र लिहिलेलं नाही, त्याला फोनवरचा निरोप पुरला असता. पत्र लिहिलं ते एका चौकटीसाठी. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तू आपली चौकट घातली होतीस, त्यात ‘रेखाटन: योहान गावित’ हे डिफॉल्टच आहे, नवा कागद उघडला की न विचारता उमटतं. तू गेल्यापासून मी एकोणसाठ नकाशे काढले आणि एकोणसाठ वेळा ते नाव हाताने खोडून माझं लिहिलं. सेटिंगमध्ये जाऊन ते एकदाच काढून टाकणं दोन क्लिकचं काम होतं. शेठसमोर तुझे रंग पुसले, तिथूनच. दहा महिने मी ते केलं नाही. सोबत साठावा नकाशा आहे, रमीबाईच्या घराचा, दुरुस्त केलेला, आणि त्याची काळी झेरॉक्स. या वेळी नाव खोडलेलं नाही. पण रेघा माझ्या आहेत, म्हणून ते नाव अजून खोटं आहे, आणि त्याखालची ‘तपासले’ची जागा कोरी आहे. सोमवारी सुपडू मधल्या भिंतीची उरलेली दगडमाती काढून नवी भिंत धरणार आहे. झेरॉक्स उजेडात धर आणि बघ. काळी, करडी, पांढरी नीट वेगळ्या दिसल्या तर सही करून एस्तेरकडे पाठव, भागेल. एखादी संशयास्पद वाटली तर मात्र सहीवर भागणार नाही, तुलाच यावं लागेल, आणि खुर्चीवरच्या गुंडाळ्या मी आजच उचलून ठेवल्या आहेत. तुझ्या नजरेवर माझा पूर्ण भरवसा आहे. तरी तिला या कागदात एखादी चूक सापडावी अशी मी, रमीबाईची क्षमा मागून, मनापासून इच्छा करतो.

राखून ठेवलेला नमस्कार घे.

तुझाच, दिसायला उशीर झालेला,
नीळकंठ